ज्या नाण्याला गाणं नव्हतं

माझ्याकडच्या चारमिनारच्या रुपयाला मी एक कव्वाली जोडून दिली होती आणि ती जोडी मला फार आवडायची. निजामाचा चांदीचा रुपया आणि टाळ्यांच्या ठेक्यावर चढत जाणारं गाणं. यात कोणी खोट काढेल असं वाटलं नव्हतं. माझ्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच संध्याकाळी ती जोडी मोडीत काढली. त्या ओसरीवर तांदूळ पाखडत बसल्या होत्या. "रुपया झिजून झिजून गुळगुळीत झाला, अन् तू त्याच्यासाठी लगनाचा बँड लावून राह्यली," त्या म्हणाल्या. "याच्या अंगावर हे गानं बसत नाई."

मला राग आला. मला तो लवकर येतो, आमच्या घरात सगळ्यांनाच येतो. तुम्हाला कव्वाली कळते का, असं मी फटकन विचारलं. त्या म्हणाल्या, कव्वाली नाही कळत, रुपया कळतो. मी काही दिवस त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले आणि मग गुपचूप गाणं बदललं. त्याच रुपयाला एक सारंगी लावली, एकटीच, कोणाची साथ नसलेली. बाईंचं सूप थांबलं. तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन बसू लागल्या.

हा उद्योग मला वडिलांमुळे लागला. आम्ही राजुऱ्याचे. वडील कोळसा खाणीत होते आणि त्यांना दोन नाद होते, जुनी नाणी आणि कॅसेटी. नाणी बिस्किटाच्या डब्यात, कॅसेटी बुटाच्या खोक्यात. चारमिनारचा रुपया त्यांच्या आजोबांचा, राजुरा निजामाच्या राज्यात होतं तेव्हाचा. वडील गेल्यावर डबा आणि खोका दोन्ही माझ्याकडे आले. एकदा आवराआवर करताना रुपया हातात होता आणि टेपवर गाणं चालू होतं, आणि दोघं एकमेकांना शोभून दिसले. मग मी ठरवूनच जोड्या लावायला लागले. नाण्याच्या काळातलंच गाणं हवं असं काही नाही. नाणं मुठीत धरायचं, गरम होऊ द्यायचं, फरशीवर वाजवून बघायचं, किती झिजलंय ते अंगठ्यानं चाचपायचं. मग सुचतं.

घोड्याचा तांब्याचा पैसा स्वतंत्र भारताच्या पहिल्या नाण्यांपैकी. त्याला मी एक भीमगीत लावलं, माझी आत्या दसऱ्याला विहारात म्हणायची ते. इंग्रजांच्या काळातल्या भोकाच्या पैशाला टांग्याच्या टापांवरचं एक जुनं सिनेमाचं गाणं. बाई त्या पैशाला बघून म्हणाल्या होत्या, काप गेले अन् भोकं राह्यली. आणि सातवाहनांचं, बोटाच्या पेराएवढं, हत्तीचं एक नाणं मी नागपूरच्या नाण्यांच्या प्रदर्शनातून आणलं होतं. हजारो वर्षं जमिनीत राहून ते काळंठिक्कर पडलं होतं. त्याला एटापल्लीकडच्या एका लग्नात मी मोबाईलवर रेकॉर्ड केलेला ढोल लावला. ही जोडी बाईंनी एका फटक्यात मंजूर केली. "हत्ती असाच चालते," म्हणाल्या.

मी सिंदेवाहीच्या पुढच्या एका गावात आरोग्य केंद्रात औषधं द्यायच्या कामाला आहे. गाव जंगलाला लागून आहे. वाघामुळे दिवस मावळायच्या आत सगळे घरी येतात आणि मग वीज जाते. बाईंचं घर दोन खोल्यांचं. एकीत त्या, एकीत मी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक नागभीडकडे दिलेली, धानाची थोडी शेती त्या स्वतःच करून घ्यायच्या. मी बौद्ध आहे हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं की स्वयंपाक स्टोव्हवर करशील की चुलीवर.

बाईंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एकच नाणं होतं. चांदीचा रुपया, राजाचं तोंड पार पुसून गेलेलं, वरती कडी डाग देऊन बसवलेली. मी किती वेळा म्हटलं असेल, याला गाणं शोधू या. त्या तेवढ्यापुरतं ऐकू न आल्यासारखं करायच्या. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाल्या, याचं गाणं तुझ्या डब्यात नाही. स्पीकरला त्या डबा म्हणत. मग उठून चुलीकडे गेल्या आणि मी तो विषय सोडला.

या स्पीकरनंच पुढचं सगळं ओढवलं. चपट्या डोक्याचा, बॅटरीवर चालणारा, बेताचाच स्पीकर. गाणं लावलं की मी त्याच्यावर स्टीलची ताटली ठेवायची आणि ताटलीत ते नाणं. काही कारण नाही, नाण्याला जवळून ऐकू यावं म्हणून, असं मी गमतीनं म्हणायची. ढोल जोरात वाजला की ताटली थरथरायची आणि हत्तीचं नाणं उड्या घेत, खणखण करत, ताटलीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाकडे सरकायचं. बाई त्यावर हसायच्या. पाय फुटले याला, म्हणायच्या.

धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपली होती आणि गावात तापाची साथ सुरू झाली होती. अशाच एका संध्याकाळी शेजारीण लेकरासाठी गोळ्या मागायला आली. वीज गेलेली होती. मच्छरांसाठी कडुलिंबाचा धूर केलेला. ताटलीखाली मी लाल रुमाल घातला होता, ताटली घसरू नये म्हणून. मी आतल्या बाजूला गोळ्यांची पिशवी शोधत होते आणि बाई मांडी घालून स्पीकरसमोर बसल्या होत्या. शेजारणीनं दारातून काय पाहिलं असेल, ते आता मला बरोबर दिसतं. धूर, लाल कपडा, समोर म्हातारी, आणि ढोलाच्या ठेक्यावर आपोआप चालणारं काळं नाणं. ती गोळ्या न घेताच परत गेली. मला वाटलं, लेकरू रडलं असेल.

आमच्या भागात एक गोष्ट लहानपणापासून सगळ्यांना माहीत असते. जमिनीतलं धन एका जागी राहत नाही. ते चालतं, आणि चालताना खणखणतं. ज्याला ते उठवता येतं त्याला ते मिळतं, पण उठलेलं धन बळी मागतं. आधी जनावराचा, मग माणसाचा. मीही आजीच्या कुशीत ही गोष्ट ऐकून थरथरले आहे. पण मोठी झाल्यावर ती गोष्ट माझ्याच ताटलीत येऊन बसेल असं कोणाला वाटतं?

दुसऱ्या दिवसापासून हातपंपावर मी गेले की बाया गप्प होऊ लागल्या. माझं मी समजून घेतलं, नोकरीवाल्या बाईसमोर लोक गप्प होतातच. मग निंदणाच्या टोळीनं बाईंना बोलावलं नाही. त्यांच्याकडून रोज दूध नेणाऱ्या घरानं दूध नको म्हणून सांगितलं. बाई संध्याकाळी दारात येऊन बसायच्याही थांबल्या. त्यातच शेजारणीचं वासरू मेलं. लेकराचा ताप तर होताच. मी आरोग्य केंद्रात त्याचं रक्त तपासून घेतलं होतं, मलेरिया निघाला होता, गोळ्या मी स्वतः घरी नेऊन दिल्या होत्या. तापाचं काय झालं म्हणून विचारायला गेले तर शेजारीण दारातच उभी राहिली, मला आत घेतलं नाही. गोळ्यांचं पाकीट तिच्या मागे फळीवर तसंच होतं, एकही गोळी न काढलेलं.

मी तिच्यावर ओरडले. लेकराला मारायचं आहे का, असं विचारलं. ती रडायला लागली, पण बाजूला झाली नाही.

पोलीस पाटलांकडून मला सगळं कळलं. ते भले गृहस्थ, पण चार लोकांच्या पुढे जाणारे नव्हेत. लेकराच्या बापानं पलीकडच्या गावातल्या पाहणाऱ्याला, म्हणजे देवऋष्याला, विचारलं होतं. पाहणाऱ्यानं सांगितलं, तुमच्या शेजारच्या घरात धन जागं झालंय, वासरू गेलं, आता लेकराचा नंबर, त्या घरातलं काही घेऊ नका. रविवारी दुपारी मारुतीच्या पारावर बैठक ठरली होती. म्हातारीनं गाव सोडून लेकीकडे जावं, नाहीतर गाव बघून घेईल.

मी म्हटलं, नाणी माझी, स्पीकर माझा, गाणी माझी. बैठकीत मला बोलवा.

ते खाली बघत म्हणाले, "तुमचं नाव कोनी घेत नाई मॅडम. तुम्ही सरकारी मानूस. उद्या तुमची बदली होईन. बाईचं पाहा लागन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गुन्हाच असेल तर तो माझा होता, आणि शिक्षा मात्र जिच्या मागे गावात कोणी नाही तिला होणार होती. वर ते हे मला सवलत दिल्यासारखं सांगत होते. मी त्यांना कायदा सांगितला. असल्या गोष्टींवर कायदा आहे, तुरुंग आहे, आणि पोलीस पाटील म्हणून पहिला जाब तुम्हालाच विचारतील. ते म्हणाले, कायदा खरा, पण गाव करी ते राव काय करी. मग मी ठाण्याला फोन लावला. तिकडच्या माणसानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की नाल्याच्या पुलावरून पाणी जातंय, उतरलं की गाडी पाठवतो. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता.

रविवारी सकाळी मी बाईंना म्हटलं, चला, जंगलाच्या रस्त्यानं माझ्या गाडीवर निघू, पाणी उतरेपर्यंत लेकीकडे राहा. मला भीती वाटत होती, खरंच वाटत होती. अशा बैठकीत काय काय होतं ते आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. रात्रभर मी दाराच्या कडीकडे बघत पडले होते. बाई मात्र आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून भाकरी थापत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"माह्या मायले असंच काढलं होतं," त्या म्हणाल्या. "मी लहान होती. मायनं मान खाली घातली अन् गेली. गेली म्हनून ती जादूवालीच ठरली. मी नाई जात."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि मला ताट घ्यायला सांगितलं. मी नुसते तुकडे मोडत बसले, त्यांनी मात्र नेहमीसारखी भाकरी खाल्ली.

मी ठरवलं होतं की लोकांना सगळं उघड करून दाखवायचं. पिशवीत स्पीकर, ताटली, लाल रुमाल आणि नाणी घेऊन मी बाईंच्या मागून निघाले. पाराभोवती सगळं गाव जमलेलं होतं. पावसाची उघडीप होती, पण अंधारून आलं होतं. पुरुष पारावर, बाया लांब शाळेच्या भिंतीला लागून. शेजारीण कडेवर लेकरू घेऊन उभी होती. लेकराची मान तिच्या खांद्यावर पडलेली होती. बाईंना कोणी बसा म्हटलं नाही, म्हणून त्या उभ्याच राहिल्या आणि मीही त्यांच्या बाजूला उभी राहिले.

लेकराचा बाप बोलायला लागला. आरडाओरडा नव्हता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्यानं सांगितलं की त्याच्या बायकोनं डोळ्यांनी पाहिलं, पैसा चालत होता. वासरू गेलं. पाहणाऱ्यानं घर दाखवलं. आमचं बाईशी वैर नाही, पण लेकरू एकच आहे. लोक माना हलवत होते. मागच्या बाजूला काही जवान पोरं काठ्या घेऊन उभी होती, वाघासाठी शेतावर नेतात त्या. आज शेतावर कोणी गेलं नव्हतं.

मी पुढे होऊन बोलायला लागले. आवाज म्हणजे हवेला बसणारा धक्का, असं मी सांगितलं. स्पीकर हलतो म्हणून ताटली हलते, ताटली हलते म्हणून नाणं सरकतं. यात धन नाही, बळी नाही. बघा तुम्हीच. आणि मी पारावर स्पीकर ठेवला, वर ताटली ठेवली, हत्तीचं नाणं ठेवलं आणि ढोल लावला.

माझ्यासारखा शहाणपणा करू नये कोणी. नाण्यानं आधी नुसतं अंग हलवलं, मग ठेका चढला तसं ते उठलं आणि खणखणत ताटलीच्या काठाकडे निघालं. लोक बघत होते आणि मला दिसत होतं की त्यांना माझा एकही शब्द ऐकू गेलेला नाही. पुढची रांग मागे सरकली. एका बाईनं पदर लेकराच्या तोंडावर ओढला. काठ्यावाली पोरं पुढे आली.

"पाहा," लेकराचा बाप म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "दिवसाढवळ्या चालून राह्यलं."

मी ढोल बंद केला. बटण लवकर सापडलं नाही. आपलं नाणं खरं असून आपणच ते खोटं ठरवलं, असं वाटलं. पोलीस पाटील दुसरीकडे बघत होते.

तेव्हा बाई पुढे आल्या. त्यांनी ताटलीतलं हत्तीचं नाणं उचलून माझ्या हातात दिलं आणि ताटली रिकामी केली. मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या की दिवाळीला प्रत्येक घरात लक्ष्मीचा रुपया पुजतात. राणीछाप नाहीतर राजाछाप. त्याला हळद-कुंकू लावता, आरती म्हणता. तो आणा. ज्याच्या घरचा रुपया या डब्यावर बसून राहील, त्यानं मला गावाबाहेर काढावं.

कोणीच हललं नाही. घरोघरी रुपया होता हे प्रत्येकाला माहीत होतं. पोलीस पाटलांच्या बायकोनं मान फिरवली. एका म्हाताऱ्यानं आमचा कधीच मोडला म्हणून सांगितलं आणि त्याच्या सुनेनं चमकून त्याच्याकडे बघितलं. जरा वेळानं सगळ्यांना एकदमच उमगलं असावं. आपला रुपया चालला तर?

"काऊन?" बाई म्हणाल्या. "भेव वाटते? तुमचा चालला तं तुमची बी बायको निघन गावातून."

मला वाटलं, आता कोणीतरी पहिला दगड उचलणार. माझं सगळं लक्ष त्या काठ्यांकडे होतं, त्यामुळे भिंतीकडून कोण निघालं ते मला आधी दिसलंच नाही.

ती शेजारीण होती. तिनं लेकरू दुसऱ्या बाईच्या हातात दिलं आणि चिखलातून घराकडे चालू लागली. नवऱ्यानं तिला हाक मारली. ती थांबली नाही. परत आली तेव्हा तिच्या मुठीत रुपया होता, हळदीनं पिवळा झालेला. तिनं तो स्वतःच ताटलीत ठेवला आणि मला म्हणाली, "लावा मॅडम."

मी ढोल लावला. आवाज कमी ठेवावा की जास्त, एवढंसुद्धा मला ठरवता येईना. रुपया वजनदार होता, तो आधी जागचा हलेना. तेवढ्या वेळात मी काय काय नवस बोलले ते सांगायची लाज वाटते, कारण मी नवस मानत नाही. मग ठेका चढला आणि रुपया कुरकुरला, एका कडेवर उठला, आणि खणखणत निघाला. हळदीची पूड ताटलीत सांडत गेली. काठाशी जाऊन तो ताटलीला आपटत राहिला.

शेजारणीनं नवऱ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी त्याआधी कोणाच्या चेहऱ्यावर बघितली नव्हती. तिच्या आजूबाजूच्या बाया एकेक पाऊल मागे झाल्या, न ठरवता, आणि ते तिलाही दिसलं. एवढ्याशा वेळात ती गावाबाहेर जाऊन उभी राहिली होती. नवरा तोंड उघडून रुपयाकडे बघत होता.

बाई म्हणाल्या असत्या तर तिथंच तिचा हिशेब झाला असता. मला खोटं सांगायचं नाही, त्या क्षणी मला तसं व्हावं असं वाटलं. बाईंनी माझ्याकडून स्पीकर बंद करून घेतला. रुपया उचलला, पदरानं हळद पुसली आणि तिच्या हातात परत दिला.

"ने, देवात ठेव," त्या म्हणाल्या. "तुले काई नाई होत. मलेबी काई नाई झालं. आता पोराले गोळी दे."

मग त्यांनी माझ्या पिशवीतलं गोळ्यांचं पाकीट मागितलं. मी नवीन पाकीट घेऊनच गेले होते. बाईंनी ते शेजारणीच्या पदरात टाकलं आणि सगळ्यांच्या समोरून घराकडे चालू लागल्या. त्यांना कोणी अडवलं नाही. काठ्यावाली पोरं बाजूला झाली. मी नाणी गोळा करून त्यांच्या मागे धावले. मागे कोणी येतंय का ते मी तीनदा वळून बघितलं. बाईंनी एकदाही बघितलं नाही.

पुलावरचं पाणी उतरल्यावर ठाण्याची गाडी आली. साहेबांनी लोकांना कायदा समजावून सांगितला, पाहणाऱ्याकडेही जाऊन आले, आणि पोलीस पाटलांकडे चहा पिऊन गेले. लेकराचा ताप गोळ्यांनी उतरला. गावाचं मन बदललं म्हणावं, तर तसं काही नाही. दूध नेणारं घर परत आलं, पण हातपंपावर काही बाया अजूनही बाईंची घागर भरेपर्यंत लांब उभ्या राहतात. शेजारीण मात्र रोज येते. काही काम नसलं तरी येते, ओसरीवर बसते, बाईंचं सूप हातातून काढून घेते आणि स्वतः पाखडते. त्या दोघींनी त्या रविवारबद्दल एकमेकींशी एक शब्द काढलेला मी ऐकला नाही.

मी नाण्यांचा डबा कपाटात कोंबून ठेवला होता. स्पीकरला हात लावायची इच्छाच मेली होती. धान पोटरीला आलं, लोंब्या धरायच्या बेतात होतं, तेव्हाची गोष्ट. दिवस मावळतीला होता, मी खोलीत कपडे घडी करत होते. बाई दारात आल्या आणि बऱ्याच दिवसांनी आपल्या जागेवर बसल्या. म्हणाल्या, तो डबा काढ. मी स्पीकर काढला. त्यांनी चार्ज आहे का वगैरे काही विचारलं नाही. ताटली वर ठेवायला लावली. मग मानेवरून काळा दोरा काढला आणि आपलं नाणं ताटलीत ठेवलं.

कोणतं गाणं लावू, मी विचारलं. त्यांनी हातानं मला थांबवलं आणि स्वतःच म्हणायला लागल्या. रोवणीचं गाणं होतं. वाकून रोवताना म्हणतात तसं, एका श्वासात एक ओळ, आणि मध्ये पाऊल मागे घ्यायला लागेल एवढी जागा. बाईंचा आवाज जाडाभरडा होता. मी त्यांना कधीच गाताना ऐकलं नव्हतं.

"धुऱ्यावरच्या मोहाखाली
लेक माही निजली वं,
तिले उठवाले..."

तिथं त्या थांबल्या. मला वाटलं, श्वास घ्यायला थांबल्या असतील. बाहेर शेजारणीच्या घरी लेकरू कशासाठी तरी हट्ट करत होतं आणि ती त्याला समजावत होती. मी वाट बघत राहिले.

"इथपर्यंतच येते," बाई म्हणाल्या. "तेवढ्यात धानाच्या बांधीत लोक आले. मायचा हात ओढला तं तिच्या गळ्यातला दोरा तुटला, नानं चिखलात पडलं. ते मले सापडलं. पुढचं गानं मायनं म्हटलंच नाई."

त्यांनी ताटलीतून नाणं उचललं, दोऱ्याची गाठ नीट आहे का ते बघितलं आणि परत गळ्यात घातलं.